तळपायाचेही छायाचित्र काढून ठेवावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

माझ्या मामांच्या टाचेजवळचा काळा डाग आम्ही घरच्यांनी दीड वर्ष कुरूप समजून अंगावर काढला. उसाला पाणी पाजताना अनवाणी चालणाऱ्या पायाला असे व्हायचेच, म्हणून मामांनी तो दोनदा ब्लेडने तासलाही. अखेर तुकडा तपासला तेव्हा मेलॅनोमा निघाला. त्याआधी डॉक्टरांनी विचारले होते, "सहा महिन्यांपूर्वी हा केवढा होता?" घरात चार मोबाइल असून कोणालाच सांगता आले नाही.

त्वचेच्या रंगपेशींचा हा कर्करोग आपल्याकडे दुर्मीळ आहे, हे खरे. परंतु सावळ्या कातडीच्या लोकांत तो बऱ्याचदा तळपाय, तळहात आणि नखांखाली होतो, आणि नेमक्या याच जागा आपण कधी निरखत नाही. बेढब आकार, अस्पष्ट कडा, एकाहून अधिक रंग आणि ६ मिलीमीटरपेक्षा जास्त रुंदी या चार खुणा न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ साली सांगितल्या. २००४ मध्ये त्यांत 'बदल' ही पाचवी खूण आली. सामान्य माणसासाठी मला ही पाचवीच सर्वांत मोलाची वाटते. डाग हळूहळू वाढत असला, तर रोज पाहणाऱ्याच्या ते ध्यानातच येत नाही. यासाठी महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, शेजारी मोजपट्टी ठेवून त्याच अंतरावरून छायाचित्र घ्यावे व मागच्याशी ताडून पाहावे. पाठ आणि तळपाय घरातल्या दुसऱ्याने टिपावेत.

मात्र छायाचित्रावरून रोग सांगणाऱ्या मोबाइल अॅपवर विसंबू नये. त्यांतील बहुतेकांना शिकवण्यासाठी वापरलेली छायाचित्रे गोऱ्या कातडीची आहेत. डागात बदल दिसला, की त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावे. ते डर्मोस्कोपने, म्हणजे डाग मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या भिंगाने, पाहतात आणि गरज वाटल्यास तुकडा तपासतात. डागाची जाडी १ मिलीमीटरच्या आत असताना तो काढला, तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

कुष्ठरोग शोध मोहिमेत आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन अंगावरचे चट्टे पाहतातच. कोल्हापूर जिल्ह्यात याच भेटीत तळपाय व नखे पाहून संशयास्पद डागाचे छायाचित्र सीपीआर या सरकारी रुग्णालयातील त्वचारोग विभागाकडे पाठवण्याची सोय करावी, अशी जिल्हा आरोग्य प्रशासनास आपल्या वृत्तपत्रातून कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर