फोनजवळची वही

देवगड,
भाद्रपद

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गणपती आटोपून तू पुण्याला परतलीस आणि आठ दिवसांत आपल्या आंब्याच्या वेबसाइटचा कच्चा आराखडा पाठवलास. तो मी दोनदा वाचला. काम नेटके आहे; परंतु पहिल्या पानावर आपोआप सरकणारी पाच छायाचित्रे, त्यांच्याखाली 'आमची वाटचाल', मग 'आमचे ध्येय' आणि भाव थेट चौथ्या पानावर, ही मांडणी पाहून वाटले की दारात आलेल्या पाहुण्याला आपण आधी वंशावळ वाचायला देतो आणि पाणी नंतर विचारतो.

फोनजवळच्या खुंटीला दोऱ्याने बांधलेली वही तुला आठवत असेल. हंगामात ज्याचा फोन येईल त्याचे गाव आणि त्याने काय विचारले, हे मी तिच्यात टिपत आलो आहे. परवा ती उघडून बसलो, तर इतक्या पानांत मुख्य प्रश्न पाचच निघाले: भाव काय, आमच्याकडे पेटी किती दिवसांत येईल, फळ पिकलेले असेल की कच्चे, खराब निघाले तर काय, आणि हा देवगडचाच कशावरून. आपले ध्येय अद्याप कोणीही विचारलेले नाही. तेव्हा आराखडा या वहीवरून काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाव डझनावर सांगायचा तर शेजारी फळाचे वजन हवेच, कारण दोनशे ग्रॅमच्या बारा फळांना आणि तीनशे ग्रॅमच्या बारा फळांना एकच भाव लावता येत नाही. मार्चमधला भाव मेमध्ये राहत नाही. म्हणून तो रात्री जेवणानंतर मला माझ्या फोनवरून बदलता आला पाहिजे, आणि माल संपला की 'संपला' असे दिसले पाहिजे. पिनकोड मात्र पैसे घेण्याआधी विचारावा. आपली पेटी तिथे पोहोचत नाही हे पैसे भरल्यावर कळले, तर तो माणूस पुन्हा आपल्याकडे फिरकत नाही.

वहीतली सर्वाधिक पाने तिसऱ्या प्रश्नाची आहेत. आपण फळ चौदा आण्याला, म्हणजे पूर्ण पिकण्याच्या थोडे आधी, तयार झाले की झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवतो आणि पेंढ्यात भरून पाठवतो. ते घरी पोहोचते तेव्हा हिरवेच असते आणि शहरातल्या माणसाला वाटते की कच्चे गळ्यात मारले. एका गृहस्थांनी तर पहिल्याच दिवशी चार फळे कापली आणि मग मला फोन करून आंबट म्हणून रागावले. यावर माझा उपाय असा: मार्चच्या पहिल्या पेटीतले एक फळ माजघराच्या खिडकीत ठेवून रोज सकाळी त्याच जागेवरून त्याचे छायाचित्र घ्यायचे आणि हिरव्यापासून सालीला किंचित सुरकुती पडेपर्यंतची ती सगळी रांग एका पानावर लावायची. त्या पानाची जागा आत्ताच राखून ठेव. शिवाय 'कार्बाईडमुक्त' हा शब्द तू मोठ्या अक्षरांत घातला आहेस, तो काढ. कार्बाईडने फळ पिकवण्यावर कायद्यानेच बंदी आहे. जे करायचेच नाही ते केले नाही म्हणून मिरवण्यापेक्षा आपण आढी कशी लावतो, म्हणजे फळ पेंढ्यात ठेवून कसे पिकवतो, ते चार ओळींत लिहावे.

खराब फळाविषयी आडपडदा नको. हापूसमध्ये साका, म्हणजे गरातला खराब झालेला भाग, बाहेरून दिसत नाही, तो कापल्यावरच कळतो, हे आपणच आधी लिहावे आणि कापलेल्या फळाचे छायाचित्र दोन दिवसांत पाठवल्यास त्या फळाचे पैसे परत, असा नियम खाली द्यावा. तुझ्या आईला हे धाडस वाटते. मला वाटत नाही.

अस्सलपणासाठी विशेषणे कामाची नाहीत. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावण्याची कायदेशीर मान्यता, मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. त्या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले जे प्रमाणपत्र आहे ते वाचता येईल इतके मोठे लाव. त्याच पानावर पूर्ण नाव, पत्ता, आंबापोळीसाठी घेतलेल्या अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक आणि तक्रार ऐकणाऱ्याचे नाव, म्हणजे माझे, असू दे. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याच्या आत ती निकाली काढावी लागते. ते माझ्याकडून होईल.

डोमेन आपल्याच नावावर आणि आपल्याच ईमेलवर घे. मागच्या वेळी वेबसाइट करून देणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर घेतले, नूतनीकरण केले नाही, आणि पेट्यांवर छापलेला पत्ता ऐन एप्रिलमध्ये बंद पडला. उरलेली खोकी पाहून तुझी आई अजून उसासा टाकते. नावात गाव घालू नकोस, कारण रोमन लिपीत देवगड लोक तीन तऱ्हांनी लिहितात. देवनागरीतले .भारत नावही घेऊन ठेवावे, पण खोक्यावर .इन हेच छापू.

छायाचित्रे थोडी आणि हलकी असावीत. फोनमधून निघालेले चार-पाच एमबीचे चित्र तसेच चढवलेस, तर लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून उभा असलेला माणूस पान उघडण्याची वाट पाहणार नाही. मराठी मजकूरही युनिकोडमध्ये टाईप केलेला हवा. चित्रात लिहिलेली अक्षरे शोधणाऱ्याला सापडत नाहीत.

वही उद्याच्या कुरिअरने पाठवत आहे. मधली दोन पाने आईच्या वाणसामानाच्या हिशेबाची आहेत, ती फाडू नयेस; आणि मार्चच्या आधी वही परत आणून दे, पहिला फोन आला की लिहायला लागेल.

तुझा,
बाबा