वर बघून चालायचं गाणं

कावासाकी, जपान, रविवार सकाळ

ती. आई आणि ती. बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर आई नुसतं "बरं बरं" म्हणते आणि बाबा कृष्णेच्या पाण्यावर घसरतात. म्हणून लिहितेय. बाबांनी मोठ्यानं वाचायचं आणि आईनं मध्येच गॅस बघायला उठायचं नाही.

मी सोमवारी सही केली. अजून तीन वर्षं इथंच. दिवाळीनंतर परत येते, पुण्यात नोकरी बघते, हे मीच म्हटलं होतं. ते मी विसरलेले नाही. सही करताना तेच डोक्यात होतं.

कारणं सांगते. पुराच्या वर्षी घरावर काढलेलं कर्ज या तीन वर्षांत पूर्ण फिटतं, मी हिशेब दोनदा मांडलाय. बाबांच्या पायाचं जे काही पुढे करायचं निघेल त्याला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. आणि खरं सांगायचं तर इथलं काम आत्ता कुठं माझं व्हायला लागलंय. पहिली दोन वर्षं मीटिंगमध्ये मी नुसती मान हलवायची. आता लोक माझ्याकडे वळून विचारतात. बाबा, तुम्ही मला पाटणकर सरांच्या क्लासला सायकलवरून सोडायचात ते याच दिवसासाठी ना? असं मी मनाशी म्हणते आणि तरीही रात्री झोप लागत नाही. म्हणजे कारणं खरी आहेत, पण पुरत नाहीत.

आता तुम्हाला एका गाण्याबद्दल सांगायचंय. त्याशिवाय हे पत्र अर्धं राहील.

ऑगस्टमध्ये बाबा न्हाणीघरात पडले आणि तुम्ही मला तीन दिवस कळू दिलं नाहीत. चौथ्या दिवशी दादाचा फोन आला तेव्हा मी केइक्यू कावासाकी स्टेशनच्या फलाटावर होते. ऑफिस सुटायची वेळ, रांगेत माझ्यापुढे शाळेतली दोन मुलं. दादा प्लास्टर, एक्स-रे, काय काय सांगत होता. डोळे भरून आले. इथं चारचौघांत रडणं बरं दिसत नाही, म्हणून मी मान वर केली आणि फलाटाच्या छताकडे बघत उभी राहिले. एक नळी लुकलुकत होती. तेवढ्यात गाडी येताना वाजते ती धून वाजली. रोज ऐकते, पण त्या दिवशी ती ऐकताना मान वरच होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एका वयस्क बाईंना ती धून गुणगुणून दाखवली आणि विचारलं. त्या म्हणाल्या, "हे ठाऊक नाही? 'उए ओ मुइते आरुकोउ'. वर बघत चालू या, म्हणजे डोळ्यांतलं पाणी खाली ओघळणार नाही." आई, माझ्या अंगावर काटाच आला. आदल्या दिवशी मी नेमकं तेच करत उभी होते.

गाणं क्यू साकामोतो नावाच्या गायकाचं, १९६१ सालचं. तो याच कावासाकीचा, म्हणून स्टेशनवर ती धून ठेवलीय. क्यू म्हणजे नऊ. घरातलं नववं मूल, बाबांसारखंच शेंडेफळ. शब्द रोकुसुके एइ यांचे, चाल हाचिदाइ नाकामुरा यांची. १९६० साली इथं अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध मोठी आंदोलनं झाली. एइ त्यात होते. करार झालाच, आणि हरून घरी चालत येताना जे मनात होतं त्यातून हे शब्द आले. पण गाण्यात कराराचं नाव नाही, कुणावर राग नाही. एकटा माणूस रात्री चालतोय, वसंतातला दिवस आठवतोय, उन्हाळ्यातला, मग शरदातला. म्हणून ज्याचं जे दुःख त्याला ते आपलंच वाटतं. मला तर आपलं अंगण दिसतं.

बाबा, आता तुमच्यासाठी. मुखडा पेटीवर काढून बघा. सुरुवातीला म आणि नि जवळजवळ लागतच नाहीत. ज्या सुरावलीत चौथा आणि सातवा सूर गाळलेला असतो तिला इथं 'योनानुकी' म्हणतात. म्हणजे आपल्या भूपाचेच सूर! मधल्या कडव्यात मात्र चाल दुसरीकडे वळते, तिथं तुम्ही चष्मा वर सारून "अरेच्चा" म्हणाल. गायक शब्द तोडून तोडून म्हणतो, हुंदका गिळत बोलावं तसं. आणि शेवटाकडे नुसती शीळ. दाढी करताना तुम्ही घालायचात तशीच. मी पायरीवर दप्तर घेऊन बसायची आणि शीळ थांबली की निघायची वेळ झाली असं समजायची. ती शीळ ऐकून मला किती धीर यायचा ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

हे गाणं जपानीतच अमेरिकेत गेलं आणि १९६३ च्या जूनमध्ये तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. युद्ध संपून अठराच वर्षं झालेली. शब्दही न कळणाऱ्या लोकांना ते आपलं वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे. एकाच गोष्टीचा राग येतो. ब्रिटनमधल्या एका रेकॉर्ड कंपनीनं त्याचं नाव 'सुकियाकी' ठेवलं आणि बाहेर ते त्याच नावानं गाजलं. सुकियाकी हा इथला मांस आणि भाज्या एकाच भांड्यात शिजवतात तो पदार्थ. गाण्यात खाण्यापिण्याचं अक्षर नाही. आई, तू पहाटे म्हणतेस त्या विराणीला कुणी 'भरली वांगी' म्हटलं तर तुला कसं वाटेल?

पुढचं लिहू की नको असं दोनदा वाटलं. पण तुम्ही माझ्यापासून लपवलंत तसं मी लपवणार नाही. क्यू साकामोतो १२ ऑगस्ट १९८५ ला विमान अपघातात गेला. तोक्योहून ओसाकाला जाणारं विमान, ५२० माणसं गेली. तो त्रेचाळीस वर्षांचा होता, घरी बायको आणि दोन मुली. आई, लगेच देवाजवळ जाऊन बसू नकोस. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे आणि मी विमानात बसले की तुला फोटो पाठवतेच. सांगितलं एवढ्याचसाठी, की आपल्या माणसाशी बोलायचं ते वेळेवर बोलावं असं मला फलाटावरच्या त्या दिवसापासून फार वाटतंय.

म्हणून माझं एकच मागणं आहे. चारचौघांत मी वर बघेन, तुम्हीही बघा. पण एकमेकांसमोर नको. पाय दुखला तर "दुखतोय" म्हणा. शुगर वाढली तर आकडा सांगा. मी लांब आहे म्हणून मला हलकं हलकं सांगत गेलात तर मी आणखी लांब जाते.

मी इथं नीट आहे. खोली ऊबदार आहे, तांदूळ चांगला मिळतो, मेतकूट अजून अर्धी बाटली आहे. दर रविवारी वरणभात करते. आईसारखं वरण होत नाही, हिंग इथं कमी पडतो की माझा हात, कळत नाही.

आता ऐका. न्हाणीघरात दांडी बसवायला दादा शनिवारी माणूस आणेल, त्याला "कशाला उगाच" म्हणून परत पाठवायचं नाही. रात्री झोपायला शांताबाई येतील, त्यांचे पैसे मी दादाकडे दिलेत, आईनं संकोच करायचा नाही. बाबांनी सायकलला हात लावायचा नाही, मंडईतही नाही. लोणचं दोन फोडी, पापड फक्त एकादशीला. आईनं जळमटं काढायला स्टुलावर चढायचं नाही. मी व्हिडिओ कॉलवर छताकडेही बघणार आहे. गोळ्यांच्या डबीत संध्याकाळचा कप्पा कधी कधी भरलेलाच दिसतो, तो कुणाचा ते मला माहीत आहे, बाबा.

रागावून लिहिलं असं वाटलं तर सोडून द्या. तुमच्यावर रागवायला मी कोण. तुम्ही दोघांनी एका शब्दानंही "थांब" म्हटलं नाहीत, तेच सगळ्यात जड जातंय. चैत्रात पंधरा दिवस येतेय, तिकीट काढलंय. तेव्हा पेटीचा तो पुरात भिजलेला सूर मिरजेला नेऊन आपण दोघं बसवून आणू, तोवर त्याच्याशिवाय वाजवा.

पुढच्या रविवारी तुमचे सकाळचे आठ, माझे साडेअकरा. बाबांनी मुखडा ऐकवायचा आहे. आईनं शेजारी बसायचं आहे, स्वयंपाकघरात नाही.

तुमची,
चिऊ

ता. क. पार्सलमधले करडे मोजे बाबांचे, त्यांच्या तळव्याला रबराचे ठिपके आहेत, फरशीवर घसरत नाहीत. जपून ठेवायला कपाटात टाकू नका, घाला.