त्याला आवडतं का, की तुम्हाला?

एडिसन, न्यू जर्सी
रविवार रात्र

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर आमच्या पोराच्या, म्हणजे पैलवानाच्या, फुटबॉलच्या ट्रॅव्हल टीमचा विषय निघाला आणि बाबांनी विचारलं, "अगं, त्याला आवडतं का, की तुम्हाला?" आणि मी कुकरची शिट्टी होतेय म्हणून फोन ठेवला. आई, तू ओळखलंच असशील. आमच्याकडच्या कुकरला शिट्टीच नाही, विजेवरचा आहे.

उत्तर फोनवर देता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

ट्रॅव्हल टीम म्हणजे सहल असं आई अजून समजते. तसं नाही गं. इथे गावातल्या गावात हौशी पोरांचं फुटबॉल असतं, त्याला 'रेक' म्हणतात. त्याच्यावरची पायरी म्हणजे ट्रॅव्हल. वसंतात ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी. निवड झाली की वर्षाची फी, आमची अडीच हजार डॉलर. मग आठवड्यात तीन दिवस सराव आणि शनिवार-रविवार कुठेतरी दुसऱ्या गावाला. स्पर्धा असली की मुक्काम, आणि हॉटेलसुद्धा पुष्कळदा आयोजक सांगतील तेच. पैलवानाच्या वयाला नऊ-नऊ जणांचा संघ आणि तीस-तीस मिनिटांचे दोन डाव. स्पर्धेत त्याहूनही कमी.

मागच्या महिन्यात पेन्सिल्वेनियात लँकेस्टरजवळ गेलो होतो. पहाटे पाचला निघालो, थर्मासमध्ये चहा, मागे घडीच्या खुर्च्या, तंबू, बर्फाची पेटी. लग्नाचं बिऱ्हाड जास्त सुटसुटीत असतं. शनिवारचे दोन सामने झाले, दोन्ही मिळून पैलवानाच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास आला. उरलेला वेळ तो बाकावर बसून बाटलीचं बूच उघडत-मिटत होता. मी मात्र रेषेबाहेर उभी राहून इतकी ओरडत होते की तुमचे जावई माझ्यापासून दहा पावलं लांब जाऊन उभे राहिले.

दुपारनंतर ढग गडगडले. इथे गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं करतात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास सरल्याशिवाय कुणालाही आत सोडत नाहीत. अर्ध्याचा एक झाला, एकाचा दीड, आणि तिसरा सामना रद्द. आम्ही आईबाप हॉटेलच्या लॉबीत सुतकी चेहऱ्याने पैसे परत मिळतील का यावर बोलत बसलो. पोरं कुठे होती? आभाळ मोकळं झाल्यावर हॉटेलमागच्या पार्किंगमध्ये. चपलांचे गोल, आमची पोरं आणि सकाळी ज्यांच्याशी हरलो ती पोरं सरमिसळ. पंच नाही, कोच नाही. कुणाची तरी सहा वर्षांची बहीण गोलकीपर. गोलसंख्या २३ की २४ यावरून भांडण, आणि भांडण मिटायच्या आत पुढचा गोल. रात्री नऊला हा गुडघे फोडून, चिखलात भरून आला आणि म्हणाला, "आई, ही आत्तापर्यंतची बेस्ट टूर्नामेंट."

बाबा, तुम्हाला आकडे लागतात. २०१४ साली जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी फुटबॉल खेळणारी मुलं, त्यांचे कोच आणि आईबाप यांना विचारून खेळात मजा कशाकशाने येते अशा ८१ गोष्टी काढल्या. मनापासून जोर लावणं, सवंगड्यांनी सांभाळून घेणं, कोचने नीट वागवणं, हे सगळं वर. जिंकणं ४८वं. नॉर्वेमध्ये तर नियमच आहे, अकरा वर्षांखालच्या पोरांचे निकाल-क्रमांक लावायचे नाहीत आणि तेराच्या आत राष्ट्रीय स्पर्धा नाही. त्याच नॉर्वेने २०१८च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदकं नेली, सगळ्या देशांत जास्त.

हे वाचून मी शूरपणे त्याला म्हटलं, "सोडायचंय का तुला? रेकमध्ये खेळ." तो रडायलाच लागला. म्हणे, रेकमध्ये आता कोण उरलंय? खरंच आहे. बरी खेळणारी पोरं एकेक करून ट्रॅव्हलला गेली, मित्र तिकडेच. आपल्या विश्रामबागेत तो संध्याकाळी नुसता दाराबाहेर आला असता तरी चार पोरं भेटली असती. इथे आमच्या रस्त्यावर हिरवळ ढीगभर, पोर एक दिसत नाही. सवंगडी हवेत म्हणून आम्ही अडीच हजार डॉलर भरतो, असंच म्हणायचं.

एक जुनं आठवलं, रागावू नका. चौथीत बाबा मला स्कॉलरशिपच्या क्लासला सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचे. आवडतो का, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी "हो" म्हणाले असते, आणि ते खोटं नसतं. मला दांडा आवडायचा. बाबा वाटेत खो-खोच्या गोष्टी सांगायचे, खांब कसा मारला, कुणाला कसं चकवलं. आजोबा एकाही सामन्याला आले नाहीत हेही सांगायचे, पण तक्रारीच्या सुरात नाही, सुटलो म्हटल्यासारखं.

आता पैलवान म्हणतो, त्याला गाडीतली मागची सीट आवडते. मॅचला जातानाची. येतानाची नाही, कारण येताना मी बोलते.

तेव्हा, बाबा, उत्तर असं: त्याला फुटबॉल आवडतो, मित्र आवडतात, हॉटेलचा पूल फार आवडतो. ट्रॅव्हल मला आवडतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकायला मलाच आवडतं. लिहिताना लाज वाटतेय, पण आहे.

येत्या हंगामात आम्ही त्याला ब संघात घालतोय. तिथे मैदानावर जास्त वेळ मिळतो आणि सामने गाडीने तासाभराच्या अंतरात. कोचना वाईट वाटलं, जावयांना बरं वाटलं, मला अजून कळायचंय. येताना गाडीत मी गप्प बसायचं कबूल केलंय. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं जमलं, त्याने घड्याळ लावलं होतं.

पुढच्या रविवारी फोन केलात की थेट त्याच्याशीच बोला, मी खोलीबाहेर जाईन.

आणि आई, पार्सलमध्ये भडंग दोन किलो जास्त घाल. गेल्या वेळचं अख्ख्या संघाने पार्किंगमध्येच फस्त केलं, हिरव्या मिरच्यांसकट.

तुमची,
बेबी