ताई, माझं बिल तुम्ही भरून दिलं नाहीत त्याबद्दल आभार

प्रिय ताई,

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ताईच म्हणतो.

वीजबिलाचं ॲप नव्या रूपात आलं आणि माझा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, पानभर एकच सांगायला लागला: "लेबल नसलेलं बटन. लेबल नसलेलं बटन." पैसे भरायचं कुठलं, रद्द करायचं कुठलं, काही कळेना. चित्रांच्या बटनांना नावं द्यायची राहून गेली होती. "दे, मी भरतो" म्हणणारे बरेच होते. त्यांची माया खरी, पण मग पासवर्ड, ओटीपी, खात्यातली शिल्लक, सगळंच दुसऱ्याच्या हाती जातं.

तुम्ही तसं म्हणाला नाहीत. माझ्याशेजारी बसून तक्रार लिहून घेतलीत: कुठलं पान, कुठलं बटन, फोन काय बोलतो, काय बोलायला हवा. "असे ग्राहक फार थोडे" असं वीज कंपनीचं उत्तर आल्यावर मी गप्प बसलो असतो. तुम्ही संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं नववं कलम त्यांच्यापुढे ठेवलंत. माहिती आणि संपर्काचं तंत्रज्ञान आम्हालाही इतरांच्या बरोबरीनं वापरता आलं पाहिजे, असं ते सांगतं. बैठकीत तर तुम्ही प्रोग्रामरच्या फोनचा पडदा काळा केलात, स्क्रीन रीडर लावलात आणि म्हणालात, "आता भरा बिल." तो बराच वेळ बोट फिरवत राहिला. मग त्यानंच वही मागितली.

संगणकावर मी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरतो. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं तो २००६ मध्ये लिहायला घेतला, जेम्स टेह हे दुसरे अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाले, आणि आजही तो फुकट मिळतो. म्हणजे वाचणारं साधन आमच्याकडे आहेच, समोरच्यानं वाचता येईल असं पान बनवायचं, इतकंच. हे तुम्ही न चिडता किती वेळा समजावता! माझ्याच्यानं ते होत नाही.

आणि काम माझं असताना तुम्ही कर्णबधिर ग्राहकांचाही विषय काढलात. तक्रार फक्त फोनवर बोलूनच करता येत होती. तिथे लिहून बोलायची सोय झाली, मदतीच्या व्हिडिओंवर बोलणं लिहून दाखवणाऱ्या ओळी आल्या. हे मला सुचलंही नव्हतं.

या महिन्याचं बिल मी भरलं. पावतीही मीच ऐकली. ॲप बदलण्याआधी आमच्याकडून तपासून घ्या, ही तुमची मागणी अजून लोंबकळते आहे. त्या बैठकीला मला बोलवा, मी येतो.

तुमचा,
एक ग्राहक