सही कुठे करायची, एवढेच कळले

रविवारच्या पुरवणीतील ‘गर्भ का रुजत नाही?’ हा लेख पटला, पण समुपदेशनाचा मुद्दा त्यात राहून गेला. भ्रूण न रुजण्यामागे बहुधा त्याच्याच गुणसूत्रांतील दोष असतो. स्त्रीच्या वयानुसार तो वाढतो. विश्रांती कमी पडली, जिना चढली म्हणून भ्रूण रुजला नाही, असे नव्हे. माझ्या वहिनीला हे टेस्ट ट्यूब बेबी उपचारातल्या तिसऱ्या अपयशानंतर कळले, तेही बाहेरून. बेळगावच्या उपचार केंद्रातले संमतिपत्र इंग्रजी-कन्नडमध्ये. सहीची जागा नर्सने बोटाने दाखवली. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार यशाची शक्यता, तोटे, खर्च समजावणे केंद्रावर बंधनकारक आहे. खानापूर-निपाणीच्या बायकांना ते मराठीत सांगायला काय हरकत? वहिनीला चौथ्यांदा बोलावले आहे. निदान कागद आधी घरी वाचायला द्यावा.

– एक वाचक, खानापूर