कमरेमागची उशी

चि. मेधास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू गाडीतून उतरलीस आणि दार धरून थोडा वेळ तशीच वाकून उभी राहिलीस. बोलली काही नाहीस. पण एकतीस वर्षं एसटी चालवली आहे मी, ते वाकणं मला लगेच कळतं.

तू चहा घेत होतीस तेव्हा मी तुझ्या सीटवर बसून पाहिलं. नवी उशी तू बरगड्यांच्या मागे बांधली आहेस, आणि ती आहेही फार जाड. तिथे तिचा आधार मिळत नाही, उलट पाठ पुढे ढकलली जाते. कमरेचे पाच मणके आतल्या बाजूला वळलेले असतात. सीटवर घसरून बसलं की ते वळण सपाट होतं आणि मणक्यांमधल्या गाद्यांवर ताण येतो. पुणे-सातारा एकशेदहा किलोमीटर, त्यात खंबाटकीला दर वळणावर क्लच दाबायचा. कंबर धरणारच.

आधी ती उशी काढ. बूड पार मागे टेकवून बस आणि पट्ट्याच्या उंचीवर कमरेमागे तळहात सरकव. हात जिथे पोकळीत सहज जातो, तीच जागा. आठवडाभर तिथे पंच्याची गुंडाळी ठेवून चालव, मनगटाएवढी, जास्त नको. मी कित्येक वर्षं तेच केलं, सुतळीने बांधून. जागा नक्की झाली की मग उशी घे, तीही दाबल्यावर दोन-तीन सेंटिमीटर उरेल इतकीच.

आता महत्त्वाचं. सीटच्या दाराकडच्या कडेला ‘एअरबॅग’ लिहिलेली छोटी पट्टी शिवलेली आहे का बघ. असेल, तर उशीचा इलॅस्टिक पट्टा सीटभोवती अजिबात गुंडाळायचा नाही. धडक बसली की पिशवी तिथूनच शिवण फाडून बाहेर येते. हेडरेस्टच्या दांड्यांना वरून अडकवायची उशी मिळते, ती घे. सीटकव्हरवाला कव्हर उसवून आत कमरेच्या आधाराचा फुगा बसवून देतो म्हणाला तरी नको म्हण. सीटखालच्या पिवळ्या जोडणीच्या वायरींनाही कुणाला हात लावू देऊ नकोस.

उशीमुळे तू थोडी पुढे येशील, म्हणून बाकीचं सगळं नव्याने लावावं लागेल. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा जरा वाकलेला राहिला पाहिजे. पाठ टेकलेली असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. डोकं आणि हेडरेस्ट यांत दोन-तीन बोटांपेक्षा जास्त अंतर नको, मागून कुणी ठोकलं तर मान तिथेच वाचते. बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर यायला हवा.

आणि दर तासाला उतरून चार पावलं चाल. पायात मुंग्या येत असतील किंवा कळ मांडीतून खाली उतरत असेल, तर उशीच्या भरवशावर राहू नकोस, डॉक्टरांना दाखव. आईला घाबरवायला नको, पण मला खरं सांग.

शनिवारी येशील तेव्हा गाडी अंगणात सावलीला लाव. पंचा मी धुऊन ठेवला आहे, गुंडाळी मीच बसवून देतो.

तुझे बाबा