आधी थांबायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

मोठ्या मैदानावरील फुटबॉल सोडून मी फुटसालकडे, म्हणजे छोट्या कोर्टावर पाच-पाच जणांनी खेळायच्या फुटबॉलकडे, वळलो तेव्हा माझ्या वेगाचा मला फार अभिमान होता. 40 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद कोर्टावर तो वेग पाच-सहा ढांगांत बाजूच्या रेषेला जाऊन भिडतो आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या स्वाधीन होतो, हे पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आले. ड्रिबल करताना, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून पुढे नेताना, झटकन दिशा बदलायला तुम्ही मला शिकवलेत, त्याबद्दलचे आभार समोरासमोर मला कधीच नीट मानता आले नाहीत, म्हणून हे पत्र.

आल्या आल्या तुम्ही नवनव्या युक्त्या दाखवाल, अशी माझी अपेक्षा होती. तुम्ही मात्र माझ्याकडून चेंडूच काढून घेतलात. वळण्याआधीची दोन पावले आखूड टाकायची, गुडघे वाकवून कंबर खाली आणायची, ज्या बाजूला जायचे त्याच्या विरुद्ध बाजूचा पाय शरीरापासून थोडा दूर रोवायचा आणि त्याचा गुडघा आत कलू न देता पावलाच्या रेषेत ठेवायचा, एवढेच आपण कित्येक दिवस घोटत होतो. तेव्हा मी मनातल्या मनात कुरकुरत होतो, हे आज कबूल करतो. वेग आवरता आल्याशिवाय तो दुसरीकडे वळवता येत नाही, हे मला तुमच्या सांगण्यापेक्षा माझ्या घसरण्यातून अधिक पटले.

मग चेंडू आला. फुटसालचा चेंडू 4 क्रमांकाचा, 400 ते 440 ग्रॅम वजनाचा आणि मुद्दाम कमी उसळणारा असल्यामुळे तो पायाच्या तळव्याखाली चांगला राहतो, याचा उपयोग कसा करायचा हे तुम्ही दाखवलेत: तळव्याने तो मागे ओढायचा आणि पाय खाली टेकण्याआधीच पावलाच्या आतल्या बाजूने तिरका ढकलायचा.

माझ्या मते तुमचा सर्वांत मोलाचा निर्णय म्हणजे सरावासाठी कोर्टावर मांडलेले शंकू उचलून बाजूला ठेवणे. शंकूंमधून मी सराईतपणे वळत होतो, पण शंकू हलत नाहीत आणि फसतही नाहीत. त्यांच्या जागी तुम्ही स्वतः उभे राहिलात आणि चेंडूकडे न पाहता तुमच्या कमरेकडे व पावलांकडे पाहायला लावलेत. बचाव करणाऱ्याचा भार एका पायावर गेला की त्याच पायाच्या बाजूने निसटायचे, कारण तो पाय उचलायला त्याला क्षणभर उशीर होतो; आणि वळल्यानंतरची पहिली दोन पावले जीव तोडून टाकायची, नाहीतर तो पुन्हा समोर हजर असतो. (तुम्ही असायचातच.)

प्रत्येक फेरी दहा सेकंदांची आणि त्यानंतर भरपूर विश्रांती, हा तुमचा नियम सुरुवातीला मला लाड वाटला होता. फुटसालमध्ये बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, त्यामुळे कोर्टावर असेपर्यंत पूर्ण जोर लावणे परवडते, आणि दमलेल्या पायांनी केलेल्या सरावातून सवय जडते ती संथ वळण्याचीच, हे तुम्ही समजावलेत तेव्हा मी गप्प झालो.

डाव्या तळव्याने चेंडू ओढताना तो अजूनही माझ्या टाचेला लागून निसटतो. पुढच्या सरावाला मी अर्धा तास आधी येईन. तुम्हाला सवड असल्यास शंकूच्या जागी उभे राहावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ विद्यार्थी